कबूल म्हणण्याआधी

भाचीच्या निकाहात मी तिच्या शेजारीच बसले होते. तिची संमती विचारायला घरातले वडीलधारे करीमचाचा दोन साक्षीदारांना घेऊन बायकांच्या खोलीत आले. "बेटा शबाना, हा निकाह कबूल आहे?"

शबानाने मान खाली घातली. "लाजतेय हो, होच समजा," तिची फुफी, म्हणजे आत्या, म्हणाली.

चाचा हलले नाहीत. "हक्क तिचा आहे. तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उठणार नाही."

तेव्हा शबानाने मान वर केली. "माझी नर्सची नोकरी चालू राहील, हे निकाहनाम्यात लिहा. मग कबूल."

खोलीत चुळबुळ झाली. चाचा बाहेर गेले, नवऱ्या मुलाशी बोलले आणि अट लिहून घेऊनच परतले. शबाना स्वच्छ आवाजात म्हणाली, "कबूल."

माझ्या निकाहात खालाने, म्हणजे मावशीने, मागून माझी मान खाली दाबली होती, आणि सगळ्यांनी तोच होकार धरला. नवरा चांगला मिळाला, तक्रार नाही. पण धर्माने बाईला दिलेला तो एक शब्द आम्ही लाजेच्या नावाखाली किती सहज काढून घेतो! मला विचारलं असतं तर मीही होच म्हटलं असतं. तेवढ्यासाठी कुणीतरी थांबायला मात्र हवं होतं.