साठ ग्रॅम मध

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ठोकळेबाई म्हणायचे. कामच तसं होतं. कुठे पूल, इमारत किंवा पाण्याची टाकी बांधायला घेतली की तिथल्या काँक्रीटचे चौकोनी ठोकळे आमच्याकडे यायचे. ते अठ्ठावीस दिवस हौदात बुडवून ठेवायचे, मग यंत्राच्या जबड्यात धरून दाबायचे आणि कितव्या आकड्याला फुटले ते लिहायचं. सदतीस वर्षं ती हेच करत होती. मी शेजारच्या टेबलावर मातीचे नमुने चाळायचे. तिचं निम्मं आयुष्य मी तिथूनच पाहिलं. उरलेलं तिनं डबा खाताना सांगितलं.

एकदा एका ठेकेदाराचे ठोकळे अठराला फुटले. बावीस हवे होते. ठेकेदार आला, गोड बोलला, मग आवाज चढवून बोलला. शेवटी साहेबांनीच तिला आत बोलावलं आणि म्हणाले, "बाई, चार आकड्यांचा तर प्रश्न आहे." ती म्हणाली, "मग तुम्ही लिहा आणि सही करा." साहेबांनी काही लिहिलं नाही, पण तिला वर्षभर भांडारात बसवून जुन्या गोण्या मोजायला लावल्या. तिनं मोजल्या. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "गोण्यासुद्धा कागदावर होत्या त्यापेक्षा कमी निघाल्या."

लग्न तिनं केलं नाही. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ सहाचा. वडील जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. इंजिनिअरिंगला नाव लागलं होतं, पण कॉलेज दुसऱ्या गावात. मग पोराला बघणार कोण? तिनं गावातल्या गावात डिप्लोमा केला आणि आमच्याकडे चिकटली. भावाचा अभ्यास, त्याचे दात, त्याचे बूट, सगळं तिच्या अंगावर पडलं. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. पण मनातल्या मनात हिशेब ठेवतच नव्हती, असंही मी म्हणणार नाही.

भाऊ मोठा झाला, नोकरीला लागला आणि त्याला सायकलचं वेड लागलं. साधंसुधं नाही. दिवसाला दोनशे, तीनशे किलोमीटर. त्यात त्याचं पोट नाजूक. सायकलवाले पिशवीतून चोखतात ती गोड चिकट पेस्ट त्याला पचायचीच नाही, अर्ध्या वाटेत ओकायचा. कुणीतरी त्याला ओट्सचे फ्लॅपजॅक करून बघायला सांगितलं. त्यानं घरी येऊन विचारलं, "ताई, तुला जमेल का गं?"

हा प्रश्न तिला विचारायचा नसतो.

तिनं टेबलावर मावेल असा छोटा ओव्हन घेतला आणि दर रविवारी सकाळी ओट्सच्या वड्या भाजायला लागली. फ्लॅपजॅक हा शब्द तिच्या तोंडी कधी बसला नाही, ती वडीच म्हणायची. सोमवारी फसलेल्या वड्या आमच्या पुढ्यात यायच्या. पहिल्या खेपेचा नुसता भुगा झाला होता, तो आम्ही चमच्यानं खाल्ला. दुसऱ्या खेपेला मध इतका की आमच्या शिपायाच्या दाताची टोपी निघून आली. ती वहीत लिहायची, "बांधणारा माल जास्त." केळं घातलं तर तिसऱ्या दिवशी बुरशी. शेंगदाण्याचं लोणी उन्हात पाझरलं. खजूर छान लागला, पण त्यानं भावाच्या पोटात कळ आली. जर्दाळू चामड्यासारखे झाले. भोपळ्याच्या बिया, संत्र्याची किसलेली साल आणि नेहमीपेक्षा दुप्पट मीठ या तीन गोष्टी टिकल्या. मीठ का, तर घामातून जातं म्हणून.

वडी भाजून झाली की खरी परीक्षा. टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकायची. मग कागदात गुंडाळून पिशवीत घालायची आणि पिशवी शंभरदा हलवायची. वहीत शेरे असायचे: "कोपरा गेला", "मधोमध दुभंगली", "वाकते, तुटत नाही". माझ्या हसण्याकडे ती लक्ष द्यायची नाही. "खड्ड्यातनं जाताना खिशात भुगा झाला तर त्यानं खायचं काय?" म्हणायची.

शेवटी तिला दोन गोष्टी सापडल्या. लोणी कमी करून मध एकशे वीस ग्रॅमवर न्यायचा, ही एक. आणि ओव्हनमधून काढल्यावर वडीवर कागद घालून, वर वजन ठेवून थंड होऊ द्यायची, ही दुसरी. वजन म्हणून तिनं आमच्याकडचा एक छोटा, न फोडलेला ठोकळा धुऊनपुसून घरी नेला होता. त्रेचाळिसावी खेप फरशीवर पडूनही फुटली नाही. त्या आठवड्यात भावानं तीनशे किलोमीटर मारले. घरी येऊन बूटही न काढता म्हणाला, "ताई, अकरा वड्या खाल्ल्या. सायकल तूच चालवलीस." हे वाक्य तिनं मला निदान वीस वेळा सांगितलं असेल.

सहा वर्षं असं चाललं. मग त्याचं लग्न झालं. बायको आहारतज्ज्ञ, एका दवाखान्यात कामाला. शांत मुलगी, कमी बोलायची. दोघं गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. वड्या चालूच होत्या. भाऊ शनिवारी येऊन डबा घेऊन जायचा, आणि त्या निमित्तानं तासभर बसायचा.

एका शनिवारी त्याच्याऐवजी बायको आली. पर्समधून कोरं कार्ड काढून ठेवत म्हणाली, "ताई, तुम्ही किती दिवस हा त्रास काढणार? मला कृती लिहून द्या. मी घरीच करत जाईन. त्यालाही उगाच खेप पडते."

तिचं बोलणं वावगं नव्हतं. मला हे सांगताना ठोकळेबाईच म्हणाली, "ती चांगल्या मनानं बोलली गं. मला कळत होतं." पण "त्रास" आणि "उगाच खेप" हे दोन शब्द तिच्या वर्मी बसले होते. तिनं चहा ठेवला, वही काढली आणि कार्ड लिहायला घेतलं. ओट्स अडीचशे. लोणी नव्वद. बिया, मीठ, साल. मधाच्या ओळीवर पेन आलं आणि तिनं लिहिलं, साठ. वजन ठेवण्याचं लिहिलंच नाही. खाली तारीख टाकली.

"तेव्हा काय होतं तुमच्या मनात?" मी तिला विचारलं होतं.

"दोनदा भुगा होईल आणि तो परत यायला लागेल, एवढंच," ती म्हणाली.

तो आला नाही. दोन शनिवार गेले, तीन गेले. ती ओव्हन पुसून ठेवायची, दाराकडे बघत बसायची. फोन करून विचारावं तर काय विचारणार? चौथ्या आठवड्यात मोठी शर्यत होती. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तिचा फोन वाजला. भाऊ घाट उतरताना पडला होता.

दवाखान्याच्या बाकावर भावजय बसली होती. मांडीवर कागदी पिशवी, पिशवीत ओट्सचा भुगा. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं सांगितलं होतं की उतारावर यानं एक हात सोडला, मागच्या खिशातून पिशवी काढली आणि भुगा तोंडात ओतायला मान मागे केली. समोर खड्डा होता. उजवा खांदा सांध्यातच फुटला होता.

"माझ्या हातालाच जमलं नाही, ताई," भावजय म्हणाली. "तीनदा केल्या, तीनदा भुगा. मी म्हटलं मध कमी वाटतोय, वाढवून बघते. तर चिडला. म्हणाला, ताईनं लिहिलंय ना, मग ते बरोबरच असणार. तिचा आकडा आजवर कधी चुकला नाही. तूच नीट कर."

ठोकळेबाई तिच्या शेजारी बसली. त्या दिवशी तिनं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या आठवड्यात ती कामावर आली ती सुकलेली. यंत्रात ठोकळा तिरका ठेवला. मी विचारलं, तर म्हणाली, "झोप नाही."

खांद्यात धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसले. डॉक्टरांनी सांगितलं की हात खांद्याच्या वर जायचा नाही. भाऊ घरी आला. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि प्रत्येकाला तो एकच विनोद ऐकवायचा. "आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला पाडलं. ओट्सची साधी वडी थापता येत नाही." लोक हसायचे. भावजय चहाचे कप उचलून आत जायची. ठोकळेबाई रोज संध्याकाळी तिथेच असायची. पहिल्या दिवशी ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऐकलं. तिसऱ्या वेळी त्याचे सायकलवाले मित्र बसले होते. त्यानं पुन्हा तेच सुरू केलं तेव्हा ती म्हणाली, "मध एकशे वीस होता. कार्डावर मी साठ लिहिला."

तो हसला. मित्रांना म्हणाला, "बघा, भावजयीला वाचवायला बघतेय. आमची ताई म्हणजे ना…"

"मी खरं सांगतेय."

"ताई, पुरे. तुझा आकडा चुकणं शक्यच नाही."

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन गेली. त्रेचाळीस नंबरचं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं बायकोला कार्ड आणायला सांगितलं, डाव्या हातानं ते वहीशेजारी धरलं आणि बराच वेळ बघत राहिला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"गडबडीत लिहिलं असशील," तो म्हणाला. "नजरचूक झाली असेल. होतं असं."

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. त्यानं वाट मोकळी करून दिली होती. नंतर मीच तिच्यावर वैतागले. "हो म्हणायचं होतं. कुणाचं काय बिघडलं असतं?"

"नाही," तिनं भावाला सांगितलं. "मुद्दाम लिहिलं."

"का?"

तिला सांगता येईना. तू शनिवारी यावास म्हणून, हे एका पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला, गळ्यात हात बांधून बसलेल्याला, कसं सांगायचं? शेवटी तोच म्हणाला, "मी हिला काय काय बोललो, माहितेय? भेटायला आलेल्या प्रत्येकासमोर बोललो. तू इथेच बसली होतीस. चहा पीत होतीस."

ती उठली. भावजय दारापर्यंत सोडायला आली. ठोकळेबाईला वाटत होतं की निदान ती तरी एखादा बरा शब्द बोलेल. चप्पल घालता घालता ती स्वतःच म्हणाली, "तुझ्यावरचा आळ गेला, एवढं तरी झालं."

भावजय म्हणाली, "ताई, तीन आठवडे तो आळ माझ्यावर राहू दिलात ना. आता खरं बोललात, त्याचं मी काय करू?" आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, सावकाश लावलं.

त्यानंतर भावानं सायकल विकली. बहिणीशी भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्यापेक्षा ते बरं झालं असतं. फोन केला तर उचलायचा, "हां, बोल" म्हणायचा, दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणायचा. ताई हा शब्द त्याच्या बोलण्यातून गेला. इतक्या वर्षांत दर दोन वाक्यांत एकदा येणारा शब्द गाळून बोलायचं म्हणजे त्याला किती कसरत करावी लागत असेल, असं ती एकदा मला म्हणाली. म्हणताना तिच्या चेहऱ्यावर विनोद केल्यासारखं काहीतरी होतं, पण मला हसू आलं नाही.

ओव्हन तिनं आमच्या शिपायाला देऊन टाकला. निवृत्तीचा समारंभ तिनं करू दिला नाही. शेवटच्या दिवशीही दुपारपर्यंत ठोकळे फोडले, हात धुतले, सगळ्यांना "येते" म्हणून गेली.

परवा मी तिच्याकडे गेले होते. आम्ही बसलो होतो तेवढ्यात भावजय आली. दवाखान्यातून जाता जाता महिन्यातून एकदा येते म्हणे, रक्तदाब बघते, गोळ्या संपल्यात का विचारते. प्रेमानं नव्हे. कुणीतरी बघायला हवं म्हणून. तिनं दंडाला पट्टा बांधला, आकडा वाचला, चिठ्ठीवर लिहिला.

"तो कसा आहे?" ठोकळेबाईनं विचारलं.

"बरा आहे. त्याला शर्ट अजून मीच घालून देते."

"माझी काही चौकशी करतो?"

भावजयीनं पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. "नाही," ती म्हणाली.

ठोकळेबाईनं मान हलवली आणि आमच्यासाठी चहा टाकायला उठली. भावजय थांबली नाही. तिची बस होती.