पाणी कमी पी

अपघाताच्या फॉर्मवर ‘कारण’ असा एक रकाना असतो. तो रिकामा होता, आणि शेठजी पेनाचं टोपण काढून माझ्यासमोर बसले होते.

“लिहा मॅडम, कामगाराचा निष्काळजीपणा. खाली सही करा. उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार.”

त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आमची सुनंदा लेथवर काम करताना चक्कर येऊन पडली होती. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून हत्याराने सोलून काढायचं यंत्र. तुकडा ज्या पंजात आवळतात त्याला चक म्हणतात. पडताना तिने आधारासाठी हात पुढे केला, तो फिरत्या चकवर गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिसऱ्याचं काय होईल, ते डॉक्टर सांगत नव्हते.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावच्या एमआयडीसीत आमचा कारखाना तेलघाण्यांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे लोखंडी दांडे, बनवायचा. मला तिथे तोवर सहा वर्षं झाली होती, आधी ट्रेनी, मग सुपरवायझर. बायकांत मी एकटीच. सुनंदा एरंडोलची, आयटीआयची टर्नर. तिला घ्या म्हणून शेठजींच्या मागे मीच लागले होते. “एक बाई आहे तेवढं पुरे नाही का?” असं ते दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा हो म्हणाले. सहा महिने बघू, काम जमलं तर कायम करू, असं ठरलं.

काम तिला जमत होतं. आमचे फोरमन आबा कुणाचं कौतुक करणारे नव्हेत. तिने काढलेल्या शाफ्टला ते मायक्रोमीटर दोनदा लावून बघत आणि काही न बोलता पुढे जात. एकदा मात्र मला म्हणाले, “पोरगीना हात चांगला शे.” पाच महिने झाले होते. एकच राहिला होता.

पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “ताई, बायकांनी इथे जायचं कुठे?”

कुठेच नाही, हे त्याचं उत्तर होतं. पुरुष कंपाउंडमागे बाभळींकडे जात. संडास एकच होता, तोही शेठजींच्या केबिनला लागून, फक्त त्यांच्यासाठी. मी तिला माझी रीत सांगितली. “पाणी कमी पी. घरून निघताना अजिबात नको. इथे फक्त ओठ ओले करायचे. होते सवय.” ही रीत मी धुळ्याला डिप्लोमा करताना शिकले होते. तिथेही वर्गात मुलगी मी एकटी. देवपूरच्या खोलीवर परत जाईपर्यंत पाण्याचं नाव काढायचं नाही. एखादी कामातली खुबी शिकवावी तशा थाटात मी हे सुनंदाला शिकवलं.

फरक एवढाच होता की मी जवळच पिंप्राळ्याला राहायचे. दुपारच्या सुट्टीत लुनावरून घरी जायचे, जेवून यायचे. सुनंदा सकाळी सातची एसटी धरायची ती संध्याकाळीच घरी पोचायची. पाच महिन्यांत मी तिला एकदाही ‘चल माझ्याबरोबर’ म्हटलं नाही. दोघी एकदम बाहेर पडलो तर लोक म्हणतील, निघाल्या बायका गप्पा छाटायला. मला त्याची भीती वाटायची.

मे महिना होता. वर पत्रा, शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलीस? तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “कामावर मी पीत नाही.” माझं नाव तिने घेतलं नाही. मला त्या खोलीत उभं राहायची लाज वाटली.

एरंडोलहून तिचे वडील आले. सगळे त्यांना नाना म्हणत. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “ताई, तुमनावर भरोसा ठेईसन धाडी व्हती. आते तिनी मायले काय सांगू?”

तिथून मी सरळ केबिनमध्ये आले, आणि समोर हा फॉर्म. निष्काळजीपणा लिहावा तर सुनंदावर कायमचा ठपका. खरं कारण लिहावं तर शेठजी म्हणणार, बायकांचे हे असले लाड, म्हणूनच नको म्हणत होतो. इकडे आड, तिकडे विहीर.

मी लिहिलं: ‘स्त्री कामगारांसाठी संडासाची सोय नाही. त्यामुळे कामगार उन्हाळ्यात पाणी पीत नव्हती. तसा सल्ला सुपरवायझरने दिला होता.’ खाली माझी सही.

शेठजींनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, फाडतील. फाडलं नाही.

“सहा वर्षं इथे आहात. कधी बोलला का नाहीत?”

“तुम्ही मला कामावरून काढलं असतं.”

त्यांनी जरा विचार केला. “काढलंही असतं,” ते म्हणाले. “पण तुम्ही विचारलंच नाही, मॅडम.”

इन्स्पेक्टरने नोटीस दिली. सायकल स्टँड बांधायला आलेल्या गवंड्यानेच स्टोअरच्या मागे संडास बांधला. वर पत्रा, आत नळ, दाराला कडी. चार दिवस लागले.

सुनंदा परत आली नाही. तिसरं बोट वाचलं, पण ते वाकत नव्हतं. त्यानंतर मुलींचे दोन अर्ज आले, ते शेठजींनी पाकिटावरचं नाव बघून न उघडताच परत पाठवले. मी ती नोकरी सोडेपर्यंत तो संडास मी एकटीच वापरत होते.

चार दिवसांचं काम होतं. ते मी सहा वर्षं मागितलं नाही, आणि त्या न मागण्यालाच अनुभव समजून एका पोरीला शिकवलं.