सव्वा मूठ गहू

आमच्या सासरी कानबाईचे रोट असतात. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ आणि डोळे लावून देवी बसवायची. त्याआधी घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे. त्या गव्हाच्या पुरणपोळ्या म्हणजे रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याच्या तोंडी त्यातला घास जाता कामा नये.

मी नाशिककडची. नव्वदच्या दशकात लग्न करून सुरतेला लिंबायतमध्ये आले, तेव्हा हे सगळं मला नवं होतं. दोन खोल्यांत सासूबाई, थोरले दीर, मोठी जाऊ आणि आम्ही दोघं राहायचो. दोघे भाऊ कापडाच्या लूमवर कामाला होते. जावेला मी अक्का म्हणायचे. आम्ही दोघी दुपारभर साड्यांचे धागे कापत बसायचो आणि सासूबाईंचा डोळा लागला की पोटभर हसायचो. तिला मूलबाळ नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या उडिया बाईची चिमुरडी पोर मात्र जेवणाच्या वेळी हटकून आमच्या उंबऱ्यात असायची. अक्का तिला भरवल्याशिवाय स्वतः जेवत नसे.

गावाकडे रोटांचे गहू घरच्या जात्यावर दळतात, दुसरं पीठ लागू नये म्हणून. इथे जातं कुठून आणायचं? डबा चक्कीवर जायचा. सगळ्या गल्लीचं दळण ज्या चक्कीतून पडायचं, तिच्यातूनच आमचे रोटही. मी एकदा हे बोलून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "शहरमा चालस." म्हणजे आपल्या सोयीपुरती कानबाई डोळे मिटून घेत होती.

एका वर्षी सुरतेतल्याच नवागाम, डिंडोलीहून सगळे भाऊबंद आमच्याकडे जेवायला आले होते. पंगत उठली, तशी ती पोर उंबऱ्यात आली. खोलीभर पुरणाचा वास, आणि पोरीची नजर परातीवर. अक्काने आपल्या ताटातला तुकडा मोडून तिच्या हातात दिला. नवागामच्या चुलत सासूने ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. त्या दिवशी एवढंच झालं.

पौर्णिमा उलटून गेली आणि गल्लीत पोरं आजारी पडू लागली. नळाला गटाराचा वास यायचा. आम्ही पाणी गाळून, उकळून घेत होतो. उलट्या-जुलाब घरोघरी होते. ती उडिया पोरही आठवडाभर अंथरुणात होती. नवागामलाही तेच. तिथे चुलत दिराचं बाळ, जेमतेम बसायला लागलेलं, दोन दिवसांत गेलं. पहिलाच मुलगा. त्याच्या नावाने त्या वर्षी पहिल्यांदाच गहू काढले होते.

मातीहून परतताना कोणीतरी म्हणालं, रोट बाटला. कोण म्हणालं ते आजवर कळलेलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, पण दुःखात माणसाला फांदी दिसत नाही, कावळाच दिसतो. नवागामला एक तुकडा होता, डिंडोलीला पोचेपर्यंत त्याची अख्खी पोळी झाली, आणि लिंबायतला परत आला तेव्हा अक्काने करणी करून रोट बाहेर वाटले होते. वांझ बाईला दुसऱ्याचं पोर बघवत नाही, हेही कोणीतरी जोडलं.

संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, रिक्षा भरभरून माणसं आली. नात्यातली होती तशी नात्याबाहेरचीही होती. काहींना तर काय झालंय तेही ठाऊक नव्हतं, तरी तीच पुढे होती. बायकांनी अक्काला हाताला धरून गल्लीत ओढलं. तिच्या बांगड्या फुटून मनगटावर रक्त आलं.

"पोरले भूक लागनी व्हती," ती म्हणाली. "मी तुकडा दिधा."

तिने दुसरं काहीच सांगितलं नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं.

मी ओरडले की सगळ्या गल्लीची पोरं आजारी आहेत, त्यांनी कुठले रोट खाल्ले? नळाचं पाणी बघा की. "तू नवी शे, तुले काय माहीत?" चुलत सासू म्हणाली, आणि माझ्या नवऱ्याने मला दंडाला धरून आत नेलं. खिडकीतून मी पाहत होते. कोणीतरी घरातला कानबाईचा पाट गल्लीत आणून ठेवला आणि अक्काला त्यासमोर नाक घासायला लावलं. तिने घासलं. तेवढ्याने भागेना. मग आवाज उठला, गावी धाडा हिला.

बाळाची आई मागे भिंतीला टेकून बसली होती. अख्ख्या गर्दीत अक्काविरुद्ध एक शब्द न बोललेली ती एकटीच.

अक्काने आपल्या नवऱ्याकडे, थोरल्या दिरांकडे पाहिलं. दीर वाईट नव्हते हो. पाळीवरून येताना तिच्यासाठी न चुकता काहीतरी पुडीत बांधून आणायचे. ती म्हणाली, "तुम्ही सांगा. मी जाऊ का?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "चार लोके म्हणतीन तसं."

माहेरी निरोप गेला, आणि दोन दिवसांनी सकाळच्या गाडीने तिचा भाऊ तिला घेऊन गेला. पुढच्या कानबाईला आणू, असं ठरलं होतं. बरेच दिवस ती पोर ताटली घेऊन उंबऱ्यात यायची आणि विचारायची, "मौसी कहाँ है?" मी तिला भरवायचे.

वर्ष गेलं. अक्काला कोणी आणलं नाही. मी एकेकाला विचारलं. चुलत सासू म्हणाली, मी कुठे म्हटलं धाडा म्हणून, सगळे म्हणत होते. सगळ्यांना विचारलं तर तेही हेच म्हणाले. धाडा म्हणणारं एकही माणूस मला सापडलं नाही. अक्का मात्र माहेरच्या ओसरीवर बसून होती, आणि पुढेही तिथेच राहिली.

श्रावणात पुन्हा सगळे जमले. सासूबाई गव्हाची पाटी घेऊन बसल्या आणि एकेकाचं नाव घेत सव्वा मूठ गहू काढू लागल्या. सासरे नव्हते, पण त्यांचे भाऊ होते, मुलगे होते, पुतणे होते. चुलत दिराच्या नावाची मूठ पडली आणि सासूबाईंचा हात हवेतच थांबला. पुढचं नाव बाळाचं होतं. सासूबाई रडल्या. बाळाची आई रडली. मग सगळेच रडले, मीही रडले.

थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी पुढची नावं घेतली. काढलेल्या गव्हात बाळाचे सव्वा मूठ कमी भरले. अक्का गेल्याने एक दाणाही कमी झाला नाही, कारण बायकांच्या नावाचे गहू काढतच नाहीत.