घोरणं थांबलं की वळवायचं

रिपोर्ट चांगला आला आणि डॉक्टरांचं तोंड वाकडं झालं.

"रात्रभर श्वास फारसा अडलाच नाही," ते म्हणाले. "मग हा माणूस समुद्रात सुकाणू धरून पेंगतो कशाला?"

रत्नागिरीच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी आया होते. तिथे झोपेची टेस्ट होते. अंगाला वायरी लावून पेशंटने झोपायचं, श्वास कुठे अडतो ते मशीन टिपतं. झोपेत घसा ढिला पडून बंद होतो. घोरणं एकदम थांबतं, माणूस गुदमरतो, अर्धवट जागा होतो, परत झोपतो. सकाळी आठवत काही नाही, पण दिवसभर डोळे मिटतात. कुणाचा घसा कसंही झोपलं तरी बंद होतो, कुणाचा फक्त उताणं झोपल्यावर, कुणाचा स्वप्नाच्या झोपेत जास्त. प्रकार कळला की उपाय ठरतो.

हा पेशंट भाट्याचा जनू तांडेल. मासेमारीची बोट हाकायचा, समुद्रात गेला की रात्री बोटीवरच झोपायचा. झोप लागून बोट खडकाला घासली. माणसं वाचली, पण मालकाने सांगितलं, डॉक्टर बरं म्हणेपर्यंत बोटीवर चढायचं नाही.

डॉक्टरांनी मशीनचं रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. "मावशी, श्वास अडला की हा लगेच कुशीवर वळतो. दर वेळी. खोलीत कोण होतं?"

"बायको. एकटा झोपेना म्हणून बसवली."

सुलभा बाहेर बाकावर पेंगत होती. डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं.

"वहिनी, रात्री यांना तुम्ही वळवलंत?"

"मग? घोरणं थांबलं की वळवायचं. रोजचंच हाय."

"कधीपासून?"

"धाकटी पोटात होती तेव्हापासून. आता तिला पोरं झाली."

जनू तिच्याकडे वळला. "बोलली नाहीस कधी?"

"बोलून काय? तुम्ही जागे राहणार होतात?"

"आणि बोटीवर कोण वळवतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"खलाशी वळवतील होय?" ती म्हणाली.

टेस्ट परत करायची ठरली. या वेळी सुलभाला मी आमच्या खोलीत नेलं आणि खाट दिली.

"त्यांचा श्वास अडला तर?"

"मशीन आहे, टेक्निशियन आहे. तू झोप."

ती पडल्या पडल्या झोपली. थोड्या वेळाने तिचा हात शेजारची जागा चाचपायला लागला. मी गोधडीची वळकटी करून तिच्या हाताशी सरकवली. झोपेतच तिने ती ढकलून पलटी केली. मग हात निवांत पडला.

सकाळी प्रकार कळला. उताणा झोपला की घसा बंद, कुशीवर मोकळा. घसा उघडा ठेवायला नाकातून हवा सोडणारं, रात्रभर वीज लागणारं मशीन बोटीवर कुठे चालवणार, ही जनूची धास्ती होती. त्या मशीनची गरज पडली नाही. डॉक्टरांनी पाठीला टणक उशी बांधायचा पट्टा दिला, म्हणजे उताणं होताच येत नाही. पट्टा लावून टेस्ट केली, ती नीट आली. जनू बोटीवर गेला.

तेव्हापासून मी एक करायचे. नवऱ्याला वायरी लावायच्या आधी बायकोला दुसऱ्या खोलीत झोपवायचं. नाहीतर मशीन तिचंच काम मोजतं.