फोनताईंचा उसना आवाज

कपड्यांच्या कारखान्यात ती एचआर मॅनेजर होती, पण सगळे तिला फोनताईच म्हणत. तिची रीतच तशी. आसपासच्या कंपन्यांत माणसं नेमणारी जी मंडळी होती, त्यांतल्या कुणा ना कुणाला ती रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता फोन करायची आणि कामाचं अवाक्षर काढायची नाही. कुणाच्या मुलाचा पाय मोडलाय, कुणाचा साहेब डोक्यावर मिरे वाटतोय, सगळं हिला तोंडपाठ. समोरच्यानं "काही काम होतं का?" विचारलं, की उत्तर ठरलेलं: "नाही हो, सहज केला."

सासूबाईंना या फोनांचा भारी जाच. "काम नसताना फोन करायला उत्साह बरा असतो!" त्या फणकारायच्या. खरं दुखणं वेगळंच होतं. दार लोटून चाललेल्या त्या गप्पांत आपलीच उणीदुणी निघतात, अशी त्यांची खात्री होती.

मालकानं शिलाईचा एक विभाग बंद करायचं ठरवलं, तेव्हा फोनताईनं तिथल्या बायकांना शब्द दिला, "एकीलाही घरी बसू देणार नाही." मग सकाळ-संध्याकाळ फोन. एकेकीची सोय लागत गेली, आणि आधीच खवखवणारा फोनताईचा घसा पार बसला. स्वरयंत्रावरची गाठ काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, "आठवडाभर शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

राहिल्या होत्या फक्त काज-बटणवाल्या मावशी. पंचावन्न उलटलेल्या, नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या सुईवर चाललेलं. फोनताईनं मेसेज धाडले. मेसेजला माणसं "बघतो" म्हणतात आणि विसरतात. विभाग बंद व्हायला चार दिवस उरले, तशी ती स्वयंपाकघरात बसून आवाज न करता रडू लागली.

सासूबाईंनी ते पाहिलं. "रडतेस कसली? आण इकडे तो फोन. काय बोलायचं ते पाटीवर लिही."

पहिला फोन दवाखान्यांचे कपडे शिवणाऱ्या कंपनीतल्या साहेबांना लागला.

"मी फोनताईंची सासू बोलतेय."

"अहो काकू! गुडघा कसा आहे तुमचा?"

सासूबाई गडबडल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ताईंनीच. माझ्या आईचा गुडघा कशानं बरा झाला, ते विचारत होत्या. म्हणाल्या, आमच्या आई दुखलं तरी बोलत नाहीत, मलाच ओळखावं लागतं."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून पाटीवर घाईघाईनं मावशींचा अनुभव लिहीत होती. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि एकदम कामाला लागल्या.

"हे बघा, एक बाई आहे. काज असं करते, की उलटसुलट ओळखून दाखवा."

"वय काय त्यांचं?"

"वय काय विचारता? मी पंच्याहत्तरीची आहे, तरी तुमच्याशी हुज्जत घालतेय ना?"

साहेब हसले. "काकू, मागं माझी नोकरी गेली होती. भले भले ओळख विसरले. ताई मात्र फोन करून एवढंच विचारायच्या, जेवलात का? तुमच्या मावशींना सोमवारी पाठवा. काम बघतो आणि लगेच घेतो."

सासूबाईंनी फोन ठेवला. मग सुनेच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "पोरी, मी तुला नाही नाही ते बोलले गं." सुनेला तर बोलायची बंदी. तिनं त्यांचा हात तेवढा घट्ट धरून ठेवला.

मावशी सोमवारी कामावर रुजू झाल्या. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. पहिला शब्द "आई" हाच काढायचा, असं ठरवून फोनताई दवाखान्यातून थेट घरी आली. दार उघडून तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. त्या खुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या आणि फोन कानाला होता.

"मावशी, पहिला दिवस कसा गेला? जेवलात का वेळेवर?... नाही हो, काम कसलं! सहज केला."

फोनताईनं पिशवी ठेवली, शेंगांचं ताट पुढे ओढलं आणि सासूबाईंचा फोन संपायची वाट बघत निवडायला बसली.