आप्पांनी पुसू न दिलेला पासवर्ड

आप्पांचा राग कधी दिसायचा नाही, आणि विझायचाही नाही. पोशीरच्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस खालापूरच्या आमच्या कंपनीत विजेच्या मीटरमधली चिप तपासायचा. नेरळहून मी नवी इंजिनिअर म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझा पाणउतारा केला.

तयार चिपच्या आतलं तपासायला तिला एक टेस्ट पोर्ट ठेवलेला असतो. त्यातून सगळं वाचता येतं, म्हणून काम झालं की तो बंद करायचा. मी उघडा ठेवून चहाला गेले होते. "बांध फोडून खाचरात पानी घेतलंस, आता तो कोन बुजवनार गं?" आप्पांनी विचारलं. पोर्ट बंद केला की ते शेजारच्याला म्हणायचे, "तू चोर हो. उघडून दाव." तासभर झटूनही तो उघडला नाही, तरच आम्हाला जेवायची सुट्टी.

आमच्या विभागाच्या साहेबांना ही कटकट वाटे. माल लवकर निघावा म्हणून त्यांनी सगळ्या चिपना पोर्ट उघडायचा एकच पासवर्ड ठेवायला लावला आणि केबिनमध्ये आप्पांकडून तो लिहूनही घेतला. वर्षभरात आमच्या मीटरची हुबेहूब नक्कल बाजारात आली. चौकशीत साहेब मालकांना म्हणाले, "पासवर्ड मला माहीतच नव्हता. तो आप्पांकडेच असायचा." आप्पांना चोर ठरवून घरी बसवलं. खरं ठाऊक असूनही मी गप्प बसले, त्याची मला आजही लाज वाटते.

नव्या चिपचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पोशीरला गेले. आप्पा ओटीवर बियाणं निवडत होते. प्रत्येक चिपला वेगळा पासवर्ड देणार, असं मी सांगितलं.

"दे. पन जुना पुसू नको," ते म्हणाले. "त्यानं दार उघडायचं नाय. कोनी घातला की चिपनं आत लिवून ठेवायचं. साहेब घालनार बग. त्याला दुसरा ठावाच नाय."

भातकापणीआधीच आप्पा गेले, चोर म्हणूनच गेले. साहेबांना सोडायचं नाही, हे मी त्यांच्या अंगणात उभी राहून ठरवलं.

नमुन्याची चिप मी मालकांसमोर तपासायला म्हणून साहेबांच्या हातात दिली. महिन्याने मालकांसमोरच परत घेतली आणि तिथेच वाचली. जुना पासवर्ड, तीन वेळा.

"हा कुणीही घातला असेल," साहेब म्हणाले.

"चिप तुमच्याकडेच होती, साहेब. आणि पासवर्ड तर तुम्हाला माहीतच नव्हता ना?" मी विचारलं. त्यांचा चेहरा पडला, आणि मला फार बरं वाटलं.

मालकांचं माफीपत्र मी पोशीरला नेलं. आप्पांच्या बायकोने, काकूंनी, त्याला हात लावला नाही. "कागद नको. ज्यानं चोर म्हटलं त्यानं हितं यावं. गावासमोर म्हनावं, चोर मी हाय."

मी हा निरोप मालकांना जसाच्या तसा सांगितला. मालक साहेबांना म्हणाले, "पोलिसांत जायचं की पोशीरला, तुम्ही ठरवा."

रविवारी साहेब आले. जमलेल्या गावासमोर ओटीखाली उन्हात उभे राहिले. काकूंनी मला विचारलं, "किती येळा घातला व्हता गं?"

"तीन."

"मंग तीन येळा म्हना, साहेब."

तिसऱ्यांदा त्यांचा आवाज नीट फुटला नाही. काकूंनी ते पुन्हा म्हणायला लावलं.