बाकीचे कुठे आहेत?

कुणी आनंदाची बातमी घेऊन केबिनमध्ये शिरलं, की गोपीसर चष्मा कपाळावर ढकलत आणि विचारत, "गेला तो गेला. बाकीचे कुठे आहेत?" नवख्याला वाटे, कुणीतरी वारलं की काय. पहिल्या दिवशी मीही दचकले होते.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची औषध-संशोधनाची छोटी लॅब. आता निवृत्त झालेले गोपीसर तेव्हा तिचे प्रमुख. उल्हासनगरच्या कॅम्प पाचचे सिंधी. पण मराठी हक्काने बोलत, व्याकरणाची परवानगी न घेता. आमचं काम ते असं समजावत : "पेशीमध्ये पण घंटागाडी असते, बेटा. रोग करणारं प्रोटीन आपण तिच्यात बसवून द्यायचं. पण शेजारचा सज्जन माणूस नाही चढला पाहिजे." म्हणून औषधाचा रेणू पेशींत सोडला, की त्यांतली हजारो प्रोटीनं मशीनवर तपासायची. कोण गेलं, कोण शाबूत आहे.

कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर माझ्या रेणूने रक्ताच्या कर्करोगातलं एक प्रोटीन साफ केलं. सरांची थोरली बहीण, कमलाअदी, याच आजाराने अंथरुणाला खिळलेली. आमच्या औषधाची त्या रोज चौकशी करत. सर आता नाचतील, असं मला वाटलं. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि तोच रेणू हृदयाच्या पेशींवर सोडायला लावला. तिथं हृदयाला लागणारं एक प्रोटीनही कमी झालेलं निघालं.

लॅबचे मालक म्हणाले, "थोडंसंच तर आहे. पुढे जाऊ, नंतर बघू."

"थोडं हृदय कुणाचं असतं, शेठ? मी सही नाही करणार."

काम तिथंच थांबलं. मी बदलापूरला घरी जाऊन पोटभर रडले.

पुढे सर रोज माझ्या शेजारी बसले. रेणूचा एकेक कोपरा आम्ही बदलून पाहिला. आज माझा नवा रेणू हृदयाच्या त्या प्रोटीनला हात लावत नाही. सरांचं हे ऋण फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही. पण तो तयार होण्याआधीच अदी गेल्या.

मी सरांना भेटायला गेले, तेव्हा न राहवून विचारलं, "सर, आपण काम थांबवलं होतं, हे अदींना माहीत होतं?"

"मीच सांगितलं ना. त्याच दिवशी. बोललो, अदी, तुझी दवा मी बंद करून आलो. ती बोलली, बरं केलंस. तोंड किती उतरलंय तुझं. हात धू, जेवून घे."